साठचा कॅमेरा, पन्नासची लाइन

आमची तालीम नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये चालते, रात्री आठ ते अकरा. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी तोंडावर आली की दिग्दर्शक सरांना प्रत्येक अंक पडद्यावर पाहायचा असतो: कोण कुठे रेंगाळतं, कोणाची पाठ प्रेक्षकांकडे जाते. मोबाइलवर ते भागेना. त्याच दिवाळीत मावसभाऊ न्यू जर्सीहून आला आणि त्याचा कॅमकॉर्डर माझ्या हातात देऊन म्हणाला, "तुमच्या नाटकाला कामी येईल, ठेव." त्याच रात्री मी अख्खा पहिला अंक घेतला.

घरी टीव्हीला जोडला, तर चित्र सारखं लुकलुकत होतं. मागच्या पांढऱ्या भिंतीवर फिकट काळसर आडवे पट्टे सावकाश सरकत होते. नायिकेचं काम करणाऱ्या वहिनी आपलं स्वगत पाहायला मुद्दाम घरी आल्या होत्या. दोन मिनिटांत म्हणाल्या, "बंद करा ना भाऊ, डोळे दुखून राहिले." मला फार वाईट वाटलं, कारण त्या रात्री त्यांचं ते स्वगत पहिल्यांदा मनासारखं झालं होतं.

दुरुस्तीच्या एका दुकानात कॅमेरा दाखवला. तिथे पाच मिनिटांत निदान झालं, सेन्सर गेला, बदलावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून मी कॅमेरा परत घेतला आणि आमच्या गल्लीतल्या काकांकडे गेलो. लग्नाचं शूटिंग ते कॅसेटच्या काळापासून करत आले आहेत. त्यांनी रेकॉर्डिंग पाहिलं, मेनू उघडला आणि म्हणाले, "कॅमेऱ्याला काही झालं नाही जी. हा साठचा आहे, आपली लाइन पन्नासची."

मला काही कळलं नाही हे त्यांनी ओळखलं. मग ते मला गच्चीवर घेऊन गेले आणि उन्हात दोरीवर वाळणारे कपडे एक मिनिट चित्रित केले. चित्र स्वच्छ आलं. खाली येऊन ट्यूबलाइटखाली घेतलं, पट्टे परत हजर. मग शटर, म्हणजे एका चित्रासाठी कॅमेरा उघडा राहण्याचा वेळ, हाताने बदलून शंभरावर ठेवलं, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. पट्टे गेले. तीच ट्यूब आणि तोच सेन्सर. दुरुस्तीवाल्याचं निदान तिथेच निकालात निघालं.

पुढचा तासभर काकांनी जे सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. प्रवाह एका आवर्तनात दोनदा शिखर गाठतो, म्हणून जुन्या चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्यांना ते जाणवत नाही. कॅमेरा मात्र प्रत्येक चित्रासाठी ठरावीक वेळ उघडा राहतो. तो वेळ सेकंदाचा पन्नासावा भाग असेल, तर प्रत्येक चित्रात प्रकाशाचे बरोबर दोन ठोके पडतात. शंभरावा असेल तर बरोबर एक. सगळी चित्रं सारखी उजळ. साठावा भाग असेल तर एक ठोका पूर्ण आणि दुसऱ्याचा दोन-तृतीयांश. पुढच्या चित्रात वेगळा तुकडा, त्याच्या पुढच्यात आणखी वेगळा. म्हणून एक चित्र उजळ, एक मंद. शिवाय आजकालचे बहुतेक सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतात, त्यामुळे एकाच चित्रात काही ओळी उजळ आणि काही काळसर येतात. भिंतीवरचे पट्टे ते हेच.

मग हे साठ आणि पन्नास आले कुठून? टीव्ही नवा होता तेव्हा चित्राचा वेग त्या त्या देशातल्या विजेच्या वेगाशी जुळवून ठेवला गेला, नाहीतर विजेची लहर पडद्यावर पट्ट्यांच्या रूपाने फिरायची. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झ, म्हणून तिथे सेकंदाला ३० चित्रं आणि ५२५ रेषांची एनटीएससी पद्धत. १९५३ मध्ये तिथे रंग आला, तेव्हा रंगाचा आणि आवाजाचा संकेत एकमेकांत मिसळू नये म्हणून वेग एक हजारांशाने कमी केला. म्हणून आज ३० लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात २९.९७ असतं. आपण ५० हर्ट्झवाले: सेकंदाला २५ चित्रं, ६२५ रेषा, पॅल पद्धत. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या सुमारास दूरदर्शन रंगीत झालं ते पॅलमध्येच. आता एचडीच्या फाइलमध्ये त्या जुन्या रंगपद्धतीचा काही संबंध उरलेला नाही. तरी कॅमेऱ्याच्या मेनूत पॅल आणि एनटीएससी हेच शब्द राहिले आहेत आणि त्यांचा अर्थ एवढाच, २५-५० चं घराणं की ३०-६० चं.

भावाच्या कॅमेऱ्याच्या मेनूत हा पर्याय नव्हताच. घरगुती कॅमकॉर्डर ज्या देशात विकायचा तिथल्या घराण्यात बांधूनच येतो, असं पुष्कळदा होतं. काही नवे कॅमेरे दोन्ही देतात, पण बदल केला की कार्ड फॉरमॅट करायला लावतात.

शटर शंभरावर ठेवून मी आठवडाभर काम चालवलं. दोन अडचणी आल्या. साठाव्या भागाच्या तुलनेत उजेड साठ टक्केच मिळतो, त्यामुळे रात्रीचा प्रवेश फार काळवंडला. आणि काका दुसऱ्या बाजूने आपला २५ चा कॅमेरा लावायचे. मिक्सिंग करताना माझं ३० चं चित्र २५ मध्ये बसवायचं म्हणजे दर सहावं चित्र, दर सहावी फ्रेम, गाळायची. कलाकार रंगमंचावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेला की सेकंदाला पाच बारीक हिसके बसायचे. चालण्याची लय हाच ज्या भूमिकेचा प्राण आहे, तिच्यावर हा अन्याय मला सहन होईना. मंडळाच्या सभेत विषय मांडला, वर्गणी जमली, आणि मी बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात, कॅमेरा पाहायला गेलो.

दुकानातला मुलगा भला होता, पण त्याचं गणित सरळ होतं. "भाऊ, हा इम्पोर्टेड पीस घ्या. साठ आहे, पन्नासपेक्षा जास्तच ना. अन् स्वस्तही आहे." महिन्याभरापूर्वी मी तो आनंदाने घेतला असता. आता मी त्याला फक्त ट्यूबलाइटकडे रोखून चालू करायला सांगितलं. आम्ही दोघांनी पडद्यावरचे पट्टे पाहिले. तो म्हणाला, "बाप्पा, हे तर मी कधी पाहिलंच नव्हतं."

पन्नासच्या घराण्यातही पुन्हा निवड होती, आणि तिथे मी बराच वेळ दिला. ५०आय, २५पी, ५०पी. आयमध्ये चित्र दोन हप्त्यांत येतं: आधी एक सोडून एक ओळी, मग उरलेल्या. सेकंदाला अशी ५० अर्धी चित्रं. जुन्या टीव्हीसाठी ही उत्तम सोय होती. संगणकावर मात्र हलत्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. मी दुकानातच हात जोरात हलवून फाइल थांबवून पाहिली; दात स्पष्ट होते. २५पीमध्ये चित्र पूर्ण येतं, शटर पन्नासावर ठेवलं तर हालचालीत सिनेमासारखी मऊ धूसरता येते. पण कॅमेरा आडवा फिरवला की चित्र अडखळतं, आणि नाटकात कलाकारामागे कॅमेरा फिरवावाच लागतो. मी ५०पी, म्हणजे सेकंदाला ५० पूर्ण चित्रं, पक्कं केलं. त्यातली प्रत्येक दुसरी फ्रेम उचलली की काकांच्या २५ शी ती अचूक जुळते. २५ वरून खरे ५० करता येत नाहीत. एक उणीव मान्य करतो: पुष्कळ मोबाइल-संगणकांचे पडदे साठचे असतात, तिथे ५०पी किंचित विषम चालतं. नाटकात मला ते कधी खटकलं नाही.

जुना कॅमेरा घेणाऱ्यांनी एक पाहावं. नुसतं एव्हीसीएचडी (कॅमकॉर्डरची एचडी रेकॉर्डिंगची एक पद्धत) लिहिलं म्हणजे ५०पी मिळेलच असं नाही. त्या पद्धतीत ५०पी आलं २०११ मध्ये, त्याआधीचे बहुतेक कॅमेरे फुल एचडीत ५०आय देतात.

फोटोच्या कॅमेऱ्यांचाही विचार केला होता. त्यांतले कित्येक २९ मिनिटं ५९ सेकंदांवर रेकॉर्डिंग थांबवायचे, कारण युरोपात त्याहून जास्त वेळ चित्रित करणाऱ्या यंत्रावर वेगळी जकात होती. आमचा पहिला अंक ५५ मिनिटांचा. म्हणून कॅमकॉर्डरच. कार्डाचा हिशेब घरी केला: सेकंदाला २८ मेगाबिटच्या दर्जात ६४ जीबीवर सुमारे पाच तास, ५० मेगाबिटमध्ये पावणेतीन तास. नाटकाला दोन्ही पुरतात.

प्रयोग लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात झाला. दुपारी प्रकाशयोजनेच्या वेळीच मी प्रत्येक दिवा एकेक करून कॅमेऱ्यात पाहिला. हॅलोजनची तार दोन ठोक्यांच्या मध्ये थंड होत नाही, म्हणून तिथे फारशी भीती नसते. एलईडी पारचं, म्हणजे रंगमंचावरच्या एलईडी दिव्यांचं, तसं नाही. त्यांची स्वतःची वेगळी लुकलुक असते आणि दिवा मंद केला की ती वाढते. निळा एलईडी मंद केल्यावर बारीक रेघा दिसल्या. प्रकाशयोजना करणाऱ्या दादांना दाखवल्या, त्यांनी त्या प्रवेशाला हॅलोजनपुढे निळा जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावला. शटर पन्नास, फोकस हाताने, ५०पी. दोन्ही अंक एकसंध मिळाले. वहिनींचं स्वगत त्यात जसं झालं तसं आहे, चेहऱ्यावर एकही पट्टा नाही.

भावाचा कॅमेरा कपाटात ठेवून द्यायचं जिवावर आलं. पुढच्या वर्षी तान्ह्या पोळ्याला मी तो घेऊन मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, पाहायला गेलो. भर दुपार, इतवारीतली ती गर्दी, बडगे, 'घेऊन जा गे मारबत' ची आरोळी. सूर्याला हर्ट्झ नसतो, चित्र काचेसारखं आलं. फाइल आहे तशी न्यू जर्सीला पाठवली. मावशी आता तिकडेच असते. भाऊ सांगत होता, टीव्हीवर ती दोनदा पूर्ण पाहिली तिने, आणि मग विचारलं की पिवळी मारबत का नाही घेतली.