आमची वाटचाल: पाटा वाढवायचा की काढायचा?

बाबांनी १९८७ साली चिपळूणजवळ खेर्डीत, कराड रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड टाकली, तेव्हा काम एकच होतं, पाट्यांचं, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचं. ट्रकचे बसलेले पाटे भट्टीत लाल करायचे, घणाने परत कमान द्यायची, तेलात बुडवायचे, यू-बोल्ट आवळायचे. कुंभार्ली घाट चढणारे ट्रकवाले हे आमचं पहिलं गिऱ्हाईक. मग वडापच्या जीप आणि ट्रॅक्स आल्या. नऊच्या जागी सोळा माणसं बसवायची म्हटल्यावर मागचे पाटे टेकणारच. मालक म्हणायचा, "एक पाटा वाढवा," आणि बाबा वाढवायचे. रिकाम्या गाडीत बसलेल्याचे दात वाजायचे, पण वडाप रिकामी धावतेच कधी?

मी आयटीआय करून २००४ मध्ये शेडमध्ये आलो तो हाच धडा घेऊन. गाडी बसते? कडक करा. कलते? कडक करा. तोवर सुमो, सफारी, स्कॉर्पिओ घरोघरी दिसायला लागल्या होत्या. त्यांनाही आम्ही तेच औषध दिलं. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबराचे ठोकळे बसवले, जाड शॉकअप (स्प्रिंगची उसळी आवरणारी तेलाची नळकांडी) लावले. गिऱ्हाइकं पैसे देऊन जायची आणि परत यायची नाहीत. काम पक्कं झालं म्हणून येत नाहीत, अशी आमची समजूत.

ती मोडली गुहागरकडच्या एका बागायतदारांनी. २०१६ चा मे महिना, हापूस संपत आलेला. त्यांची २००८ ची सफारी. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं, तपासणीला कराडला न्यायचं. ते म्हणाले, "दगडासारखी कडक आहे, मग वळणावर होडीसारखी कलते कशी?" मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शहरातल्या कुठल्याशा दुकानात त्यांनी हौसेने गाडी 'उठवून' घेतली होती. वर रुंद, जाड टायर, त्यांत ठासून हवा. आम्ही चारही शॉकअप आणि पुढच्या आर्मचे, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यांचे, सगळे बुश (सांध्यांतले रबर) बदलले. गाडी जरा बरी वाटली. तीन महिन्यांत बुश फाटले. मी मजुरी परत दिली आणि गाडी आठवडाभर ठेवून घेतली.

आधी चूक आमची. बुश बदलताना गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळलेली, आणि आम्ही तिथेच बोल्ट करकचून आवळले होते. रबरी बुश आवळला जातो त्याच स्थितीत धरून राहतो. गाडी खाली उतरली की तो कायमचा पिळलेला. मग तो गाडीला मऊ चालू देत नाही आणि स्वतःही टिकत नाही. शेवटचा आवळ चाकं जमिनीवर आणि गाडीचं वजन त्यांवर असतानाच द्यायचा. आयटीआयत कुणी सांगितलंही असेल, मी त्या दिवशी गैरहजर असणार.

दुसरी गोष्ट गाडीखाली आडवं पडल्यावर दिसली. जुन्या सफारीला पुढे गुंडाळी स्प्रिंग नाही, टॉर्शन बार असतो, म्हणजे पिळला जाणारा पोलादी दांडा. त्याचा बोल्ट आवळला की गाडीचं तोंड वर येतं. 'उठवणं' म्हणजे एवढंच. पण मग आर्म आधीच खालच्या टोकाला टेकतो. खड्डा आला की चाकाला खाली उतरायला जागा नाही, म्हणून अख्खी गाडी धपकन आदळते. शिवाय वजन उंच गेलं, त्यामुळे वळणावर ती जास्त झुकते. आणि स्टॅबिलायझर बारची डावीकडची लिंक रॉड खाऱ्या हवेने गंजून तुटलेली. हा बार दोन्ही चाकांना बांधून ठेवतो, एक बाजू दबली की दुसरीलाही ओढतो. लिंक तुटली की तो नुसता शोभेचा. शॉकअप कितीही जाड लावा, लांब वळणावर तो कलणं थांबवत नाही, फक्त सावकाश कलू देतो.

म्हणजे आदळणं आणि कलणं ही दोन वेगळी दुखणी होती आणि आम्ही दोन्हींवर एकच गोळी देत होतो.

टॉर्शन बार सैल करून पुढची उंची पूर्ववत केली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत टेप लावून दोन्ही बाजू मिळवल्या. दोन्ही लिंक रॉड नव्या. मागच्या आडव्या दांड्याचा बुश ढिला होता, तोही बदलला (तो गेला की मागचा भाग डुलतो आणि माणसाला वाटतं गाडी कलते). शॉकअप कंपनीच्या मापाचे, टायर मूळ मापाचे, हवा कंपनीने सांगितली तेवढीच. टपावरचा कॅरियर उतरवायला मात्र तासभर वाद घालावा लागला. मग पोफळीवरून कुंभार्ली चढलो, आजी पुढच्या सीटवर. अर्ध्या घाटात त्यांना डुलकी लागली. त्यांच्या मुलाने आरशात माझ्याकडे पाहिलं, बोलला काहीच नाही.

त्यानंतर आम्ही वही घातली. चांगली चालणारी गाडी आली की चारही चाकांपाशी तिची उंची मापून लिहायची. पाच वर्षांत दोन वह्या भरल्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी शेडमध्ये शिरलं. भट्टीचा पंखा, अलाइनमेंटचं मशीन, कॉम्प्रेसर आणि त्या वह्या, सगळं चिखलात. मशीनचं कर्ज अजून फिटतंय, पण खरं सांगायचं तर वह्यांसाठी जास्त रडू आलं. चौथ्या दिवशी तीच सफारी दारात उभी राहिली, मागे पिण्याच्या पाण्याचे कॅन आणि ताडपत्री. एवढ्या वजनाने मागून किती बसली ते मी आधी पाहिलं, मग त्यांना नमस्कार केला. जाताना त्यांनी मोबाइल पुढे केला. वहीतलं त्यांच्या गाडीचं पान त्यांनी कधीतरी फोटो काढून ठेवलं होतं. नव्या वहीचं पहिलं पान तेच.

आता शेडचा चौथरा उंच केलाय आणि जून लागला की मशीन माळ्यावर चढतं. आम्ही चौघं आहोत. गाडी आली की आधी मालकाला शेजारी बसवून शिरगावपर्यंत चक्कर मारतो. त्याचे ३०० रुपये घेतो, काम केलं तर बिलातून वळते करतो. परत आल्यावर शॉकअपला हात लावून पाहतो. चालू शॉकअप गरम होतो. चारांपैकी एखादा गार राहिला, तर तो बहुधा मेलेला. दाभोळच्या फेरीबोटीतून ये-जा करणाऱ्या आणि वाळूत घातलेल्या गाड्यांची खालची बाजू गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय पाना लावत नाही. गाडी उठवायचं काम घेत नाही, त्यामुळे तरुण गिऱ्हाईक थोडं तुटलं. तुटू दे.

बाबा आता सत्तरी पार आहेत. पाट्यावर हातोडी मारून आवाजावरून तडा ओळखतात, ते मला अजून जमत नाही. काल वेळणेश्वरहून एक बोलेरो आली. मालकाला मागे दोन पाटे वाढवून हवेत. गाडीखाली बघितलं तर मागे आधीच कुणीतरी एक वाढवलेला. तो काढू या, असं म्हटल्यावर ते बाबांकडे वळले, "तुम्हीच सांगा याला." बाबांनी हातोडी खाली ठेवली आणि म्हणाले, "तो मीच वाढवलाय. काढ."