माझा अनुभव: मंडळीचं काम चाव्यांच्या वहीत सापडलं

मी आमच्या चर्चच्या मंडळीची सेक्रेटरी. मिनिट्स लिहायचे, सभासदांची नोंद ठेवायची, चाव्या सांभाळायच्या, एवढंच माझं काम. 'मंडळीला नवी दिशा' हा विषय माझ्या गळ्यात पडला, कारण कमिटीत नको म्हणायला मला जरा उशीर झाला.

तसं दुखत काहीच नव्हतं. उपासना वेळेवर सुरू व्हायची, वेळेवर संपायची. भांडण नाही, कर्ज नाही. वार्षिक अहवाल मी आदल्या वर्षीच्या अहवालावरून उतरवायचे आणि तारखा बदलायचे. तीन वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, नव्या पाळकसाहेबांच्या (पास्टरांच्या) आलं. रागावले नाहीत. म्हणाले, "ताई, आपण काय केलं ते यात आहे. कशासाठी केलं ते कुठे आहे?"

मग आम्ही ध्येयवाक्य लिहायला बसलो. सहा बैठका झाल्या. 'ख्रिस्ताची प्रीती' आधी घ्यायची की 'समाजाची सेवा', यावर एकदा दीड तास गेला. शेवटी जे वाक्य तयार झालं त्यात खोड काढण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तीच पंचाईत होती. जगातल्या कुठल्याही मंडळीच्या दारावर ते खपून गेलं असतं. कापडी फलक करून लावला. पंधरा दिवसांनी मी सात-आठ जणांना फलकाकडे न बघता ते म्हणायला सांगितलं. एकालाही येईना, आणि त्यातले दोघं ते लिहिणाऱ्यांपैकीच होते. मलाही येत नव्हतं.

पाळकांनी पुढच्या बैठकीत बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक काढलं. यरुशलेमची भिंत ५२ दिवसांत पुरी झाली, हे आम्ही संडे स्कूलपासून ऐकत आलो आहोत. त्याआधीचा भाग मात्र मी कधी नीट वाचला नव्हता. नहेम्या शहरात येतो आणि तीन दिवस कोणाला काही सांगत नाही. मग रात्री, मोजकी माणसं बरोबर घेऊन, पडलेल्या भिंतीची पाहणी करतो. एका जागी तर त्याच्या जनावराला पुढे सरकायला वाट नसते. 'चला, बांधू' हे तो लोकांना नंतर म्हणतो. आम्ही भिंत न बघताच फलक टांगला होता.

माझ्या हातात बघण्यासारखं एकच होतं, चाव्यांची वही. कोणी चावी नेली, कधी, कशासाठी आणि सही. दोन वर्षांची पानं पेन्सिल घेऊन चाळली. रविवार, गायनाची तालीम, कमिटी, रविवार. पण मधल्या वारी, दुपारच्या वेळी, एकाच बाईंची सही पुनःपुन्हा येत होती आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता: 'बसायला'.

मी फोन केला. "अगं, बसायलाच," त्या म्हणाल्या. यजमान गेल्यावर दुपारी घर खायला उठायचं, म्हणून त्या चर्चमध्ये येऊन बसायच्या. पुढे आणखी एक विधवा यायला लागली. मग शेजारची एक बाई, आपल्या मंडळीतली नव्हे, तिचा मुलगा गेला होता. काय करता, विचारलं तर म्हणाल्या, "कधी प्रार्थना, कधी काहीच नाही. पंख्याखाली बसतो."

सेक्रेटरी मी, आणि मला याचा पत्ता नव्हता.

त्यानंतर जोड्या करून घरोघर ऐकायला जायचं ठरलं. प्रश्न पाळकांनी दिला. त्याचं मूळ डेव्हिड कूपरायडर आणि सुरेश श्रीवास्तव यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत आहे: संस्थेत काय बिघडलंय हे न विचारता, ती सगळ्यात जिवंत कधी होती ते विचारायचं. आमच्या लोकांना मी तेवढंच विचारलं: या मंडळीत तुम्हाला खरं जिवंत कधी वाटलं? उत्तरात नाताळ येईल, वर्धापनदिन येईल, असा माझा अंदाज होता. आलं ते वेगळंच. 'बाबा आयसीयूत होते तेव्हा रात्रभर कोणीतरी बाकड्यावर बसून होतं.' 'अंत्यविधीनंतर तिसऱ्या महिन्यात, सगळे विसरल्यावर, दार वाजलं.' एकेक घर करत वही भरली, आणि निम्म्याहून जास्त पानांवर मरण किंवा आजारपण होतं. नवं काही शोधायचं नव्हतंच. जे चोरून चालल्यासारखं चाललं होतं ते मंडळीने आपलं म्हणायचं होतं: ज्यांचं माणूस गेलंय त्यांच्याजवळ बसायचं, मग ते सभासद असोत वा नसोत.

कमिटीत हे दहा मिनिटांत मंजूर झालं. अडलं ते बाकांवर.

गोल बसायला जागा हवी, म्हणून मागच्या चार रांगा काढायच्या होत्या. शेवटच्या बाकावर आमच्या एका ज्येष्ठ काकांच्या वडिलांच्या नावाची पितळी पट्टी होती. काका सभेत एवढंच म्हणाले, "मग मलाही काढा." आणि निघून गेले. मी घरी चिडले. एका बाकासाठी! पाळक म्हणाले, बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचा. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले यहूदी लोक यरुशलेमच्या मंदिराचा नवा पाया घालतात तेव्हा पुष्कळ जण हर्षाने ओरडतात, आणि पहिलं मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडतात. दोन्ही आवाज एकमेकांत इतके मिसळतात की कोणता कुठला ते कळत नाही. आणि त्या रडणाऱ्यांना तिथे कोणी गप्प करत नाही. विल्यम ब्रिजेस नावाचा अमेरिकन सल्लागार हेच व्यवस्थापनाच्या भाषेत सांगायचा: माणसाच्या मनातलं स्थित्यंतर सुरू होतं ते शेवटापासून, काय सुटतंय ते कबूल करण्यापासून. शोकात असलेल्यांजवळ बसायचं आम्ही ठरवलं होतं, आणि आमच्याच काकांना 'पुढे चला' म्हणत होतो.

एक रविवार फक्त बाकांसाठी ठेवला. कोण कुठे बसायचं, कोणाचं लग्न झाल्यावर कोण कुठल्या रांगेत सरकलं, ते लोकांनी सांगितलं. बराच वेळ लागला आणि हसूही खूप आलं. शेवटी काकांनी माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला. चारांपैकी तीन स्क्रू सुटले, चौथा गंजून बसला होता. काका त्याच्याशी झगडत राहिले, कोणी मदतीला गेलं नाही. पट्टी निघाली तेव्हा तिच्याखाली लाकूड कोरं होतं, पहिल्या दिवसाच्या पॉलिशचं. त्यावर त्यांनी एकदा अंगठा फिरवला.

सगळे राहिले नाहीत. दोन कुटुंबं दुसऱ्या मंडळीत गेली. रविवारची हजेरी वाढली नाही, आणि ती वाढेल असं सांगून मी हे काम कोणाच्या गळी उतरवलं नव्हतं, तेवढं बरं.

चुका आमच्याही झाल्या. पहिले स्वयंसेवक फार बोलायचे. मुलगा गेलेल्या बाईला एकाने बायबलमधल्या रोमकरांस पत्रातलं 'सगळं मिळून कल्याणासाठीच' ऐकवलं. ती परत आलीच नाही. तेव्हापासून प्रशिक्षणात आम्ही बायबलमधल्या, मुलंबाळं आणि सगळंच गमावलेल्या ईयोबाचे मित्र घेतो. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, एक शब्द न बोलता. तिथवर त्यांचं बरोबर होतं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर.

आता चावीच्या तीन नकला आहेत. त्यातली एक अडते, दार जरा वर उचलून फिरवावी लागते. फलक मी टाकला नाही, चांगलं जाड कापड आहे. जास्तीच्या खुर्च्या धुळीपासून झाकायला तो बरोबर पुरतो.