सांगलीची वाकळ : जुन्या लुगड्यांवर आयर्विन पूल

सांगलीत कृष्णेवर असलेल्या आयर्विन पुलाला २०२९ मध्ये शंभर वर्षं होतील. त्या निमित्तानं सांगलीची म्हणून एखादी गोधडी शिवायचं ज्या मंडळांच्या किंवा घरांच्या मनात असेल, त्यांनी कापड जमवायला आत्ताच सुरुवात करावी. टाके घालायला माणसं मिळतात. एका जातीची, एकसारखी विरलेली सुती लुगडी मात्र आता सहज हाती लागत नाहीत. घरातलं जुनं नऊवारी बोहारणीच्या पाटीत जायच्या आधी बाजूला काढून ठेवा.

आमचं म्हणणं एवढंच की ही वाकळ अंगावर घेता आली पाहिजे आणि धुता आली पाहिजे. तिच्यावर पूल, नदी, हळद जे काही येईल ते धावदोऱ्याच्या सोयीनं यावं. स्मरणार्थ म्हणून शिवलेल्या बऱ्याच गोधड्यांवर नवं कापड, चकचकीत टिकल्या आणि मशीनची टीप इतकी असते की दोन धुण्यांत चित्र आकसतं आणि पाठ झोळ धरते. जुन्या कापडाचं आकसणं केव्हाच होऊन गेलेलं असतं, म्हणून आपल्या बायका वाकळ जुन्या कापडाचीच शिवत आल्या.

माप सात फूट बाय पाच फूट धरू, म्हणजे ८४ बाय ६० इंच. नऊवारीची लांबी साधारण २७ फूट असते आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४८ इंचांच्या आसपास. कात्री लावायच्या आधी दोन्ही काठ अखंड उतरवून घ्या. काठ गेल्यावर ४३ इंचांच्या आसपास पन्हा उरतो. आता अंगाचे ६२ इंचांचे तुकडे करा आणि दोन तुकडे लांबीच्या कडेनं जोडा. एक थर तयार होतो. एका नऊवारीत असे दोन थर बसतात आणि सहाएक फूट कापड ठिगळांना उरतं. चार थरांना दोन लुगडी पुरतात. चारपेक्षा जास्त थर घालू नका, कारण चित्राच्या जागी ठिगळ आणि त्याची दुमडलेली कड धरून सुईखाली आधीच सहा पदर येतात. उतरवलेला एक काठ गोधडीच्या चारी बाजूंना पुरतो. घेर २४ फूट आहे, काठ २७ फूट, आणि उरलेले तीन फूट कोपऱ्यांत जातात. आधी अंग कापून मग काठ काढला, की तोच काठ पाच-पाच फुटांच्या तुकड्यांत हाती येतो आणि कडेला जागोजागी सांधे दिसतात.

कापड निवडताना उन्हासमोर धरून बघा. जाळी दिसली आणि अंगठ्यानं दाबल्यावर सूत सरकलं, तर तो भाग बाद. थोडं विरलेलं असेल तर मधल्या थरात चालतं. इरकलीचं अंग सुती असलं तरी काठ-पदर बऱ्याचदा रेशमाचा किंवा नकली रेशमाचा असतो, आणि त्यातला लाल रंग पाण्यात उतरू शकतो. पांढरं ओलं फडकं पदरावर दोन मिनिटं दाबून ठेवा. डाग आला तर साध्या पाण्यात भिजवून पाणी बदलत राहा, स्वच्छ पाणी येईपर्यंत. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं सगळीकडे सांगतात. कच्चा रंग मिठानं पक्का होत नाही. पाणी स्वच्छ येत नसेल तर तो तुकडा गोधडीत घालूच नका, नाहीतर पहिल्याच धुण्यात पांढऱ्या धोतराचा अख्खा थर गुलाबी होतो.

पॉलिस्टरची साडी ओळखायला एक सूत ओढून जाळून बघा. सुताची राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. असली साडी थरात घातली की बाकीच्या थरांवरून ती घसरत राहते, नखानं घडी पाडली तरी धरत नाही आणि पांघरलं की उकडतं. दोऱ्याचंही तसंच आहे. मशीनचा पॉलिस्टर दोरा जुन्या सुतापेक्षा मजबूत असतो. ओढ बसली की तो तुटत नाही, कापडच कापतो. सुती दोरा घ्या, मेणावरून एकदा ओढून घ्या आणि एका वेळी दीड हातापेक्षा लांब घेऊ नका. लांब दोरा गुंततो, शिवाय सुईच्या नाकापाशी झिजून पिंजतो. दाभण इथं नको, विरलेल्या कापडाला त्याची भोकं कायमची पडतात. मधली, लांब, टोकदार सुई आणि बोटात टोपण एवढं पुरे.

दोरा किती लागेल, हा हिशेब सोपा आहे. ओळींत एक इंच अंतर ठेवलं तर या मापाच्या गोधडीत ओळींची एकूण लांबी ४२० फूट होते. टाका थरांतून खाली-वर जातो म्हणून सव्वापट धरा, म्हणजे १६० मीटर. अर्ध्या इंचाच्या ओळी घातल्या तर ३२० मीटर. सगळा दोरा एकाच वेळी, एकाच दुकानातून घ्या. पांढऱ्याच्याही छटा असतात आणि अर्ध्या गोधडीनंतर रीळ बदललं की फरक लांबूनही दिसतो.

आता चित्र. मधोमध पूल घ्यायचा तर रुंदीच्या दिशेनं ५४ इंच लांब आणि १६ इंच उंच पट्टा सोडा. कमानी उरेब, म्हणजे कापडावर तिरक्या कापलेल्या, पट्टीनं काढा. सरळ कापलेली पट्टी वळत नाही, तिच्या चुण्या पडतात. इंच-सव्वा इंच रुंदीची उरेब पट्टी दोन्ही कडांनी दुमडून इस्त्री करा आणि कमानीचा आतला वळसा आधी तुरपा, बाहेरचा नंतर. बाहेरची कड ताणली जाते म्हणून ती निमूट बसते. क्रम उलटा केला तर आतल्या बाजूला जास्तीचं कापड साचतं आणि मग ते कुठंच जात नाही.

पाणी मात्र ठिगळानं दाखवू नका. पुलाखाली आडव्या धावदोऱ्याच्या ओळी हीच कृष्णा. आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी मोजतात आणि पावसाळ्यात सांगलीत घरोघरी तोच आकडा विचारला जातो. ४० फूट इशाऱ्याची पातळी, ४५ फूट धोक्याची. एक इंच म्हणजे पाच फूट असं प्रमाण घेतलं आणि ओळी अर्ध्या इंचावर घातल्या तर तळापासून सोळावी ओळ ४० फुटांची आणि अठरावी ४५ फुटांची येते. या दोन ओळी लाल दोऱ्यानं घाला, बाकीच्या पांढऱ्या किंवा निळ्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. ती ओळ साडेअकरा इंचांवर, कमानींवरून घालावी असं आम्हाला मनापासून वाटतं. या गावाच्या आठवणीत तो आकडा पुलाइतकाच पक्का बसला आहे, आणि त्याच्यासाठी वेगळं चित्र लागत नाही, दोऱ्याची एक ओळ पुरते.

चार कोपऱ्यांसाठी चार विषय पुरेत: हळद, द्राक्षं, मिरजेचा तंबोरा आणि नाटक. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये. नाटकाचं साल १८४३, विष्णुदास भाव्यांनी सांगलीत केलेल्या पहिल्या मराठी नाटकाचं. नाटकासाठी लाल खणाचा दुभागलेला पडदा एवढंच पुरतं. खणाच्या कडा फार सुटतात, म्हणून अर्धा इंच आत दुमडा आणि मागून पातळ मलमलीचं अस्तर लावा.

हळदीचं चित्र हळदीनंच रंगवलेल्या कापडाचं करायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. तुरटी वापरली तरी थोडाच फरक पडतो, आणि साबणाचं पाणी लागलं की पिवळा तांबूस होतो. चुन्याची संगत मिळाली की हळदीचं कुंकू होतं, तोच गुण इथं आड येतो. पक्क्या रंगाचं पिवळं सुती कापड घ्या.

तंबोऱ्याचा भोपळा मोठा, आठ-दहा इंचांचा होतो. एवढी जागा न शिवता सोडली तर आतले थर तिथं सरकून गोळा होतात. भोपळ्याच्या आतही, त्याच्याच गोलाईला धरून, इंच-इंच अंतरानं ओळी फिरवा. कुठलीही जागा चार इंचांपेक्षा मोठी मोकळी नको, हा नियम सगळ्या चित्रांना लागू. तारा चार. त्या लांब मोकळ्या दोऱ्याच्या ठेवल्या तर पायाच्या बोटात अडकून तुटतात, म्हणून जाड दोरा आडवा ठेवून त्यावर अर्ध्या-अर्ध्या इंचावर बारीक टाके घालून तो बांधून टाका. द्राक्षासाठी दहा रुपयांच्या नाण्याएवढी जाड पुठ्ठ्याची चकती कापा. कापड सगळीकडून पाव इंच मोठं घ्या, कडेनं धावदोरा घालून चकतीवर आवळा, इस्त्री करा आणि चकती काढून घ्या. सगळे मणी एकाच मापाचे निघतात. फक्त घड गच्च भरू नका. मण्यांच्या कडा एकमेकींवर चढल्या की तिथून सुई जात नाही.

देवाचं चित्र गोधडीवर नको. सांगलीचा गणपती आणि हरिपूरचा संगमेश्वर आठवतातच, पण वाकळीवर पाय पडतो, लहान मूल लोळतं. छत्रपतींचं किंवा कुणाही आदरणीय माणसाचं चित्रही याच कारणानं नको. हरिपूर दाखवायचंच असेल तर कृष्णेच्या ओळींत दुसऱ्या रंगाच्या वारणेच्या ओळी येऊन मिळताना दाखवा. संगम म्हणून तो पुरेसा बोलका आहे.

ही सगळी ठिगळं फक्त वरच्या थरावर लावायची. दाट कामानं वरचा थर इंच-दोन इंच आकसतो, म्हणून चित्रं पूर्ण होऊन इस्त्री होईपर्यंत तो अंतिम मापाला कापू नका. खुणा शिंप्याच्या खडूनं किंवा साबणाच्या चिपटीनं करा. बॉलपेनची रेघ जात नाही.

थर जुळवणं हे सगळ्यात नाजूक काम, आणि सगळ्यात जास्त घाई नेमकी इथंच होते. पावसाळ्यात थर जुळवू नका. कापडात ओल राहिली तर आत बुरशी धरते. कडक उन्हात वाळवलेलं कापड झाडून घ्या, फरशी पुसून कोरडी करा, सर्वांत खालचा थर पालथा अंथरा आणि कोपऱ्यांवर वजनं ठेवा. पुढचा थर टाकताना चौघींनी चार कोपरे धरून हवेतून सोडावा आणि तळहातानं मधून कडेकडे सारखा करावा. प्रत्येक थराचा जोड खालच्या थराच्या जोडापासून चार बोटं तरी बाजूला पडला पाहिजे, त्यासाठी थर आडवे-उभे बदलत न बसता जोडच थोडा डावा-उजवा घ्या आणि जी बाजू आखूड पडेल तिला उरलेल्या कापडाची पट्टी जोडा. जोडावर जोड आला तर तिथं कायमचा उंचवटा येतो आणि सुया मोडतात. मग वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घाला, आधी मधून चार दिशांना, नंतर जाळीसारखे. कच्च्या टाक्यात कंजूषपणा केला तर त्याची किंमत शेवटच्या हातभर जागेत मोजावी लागते.

कारण पक्का धावदोरा आपल्याकडे कडेनं सुरू होऊन चौकोना-चौकोनानं आत येतो. प्रत्येक फेऱ्याबरोबर सैल कापड थोडं थोडं आत ढकललं जातं आणि शेवटी मध्ये फुगा येतो. दर तीन-चार फेऱ्यांनी गोधडी उलटी करून पाठीवरून हात फिरवा. फुगा जाणवला तर दोन फेरे उसवा आणि कापड कडेकडे ओढून पुन्हा घाला. फुगा दाबून तिथं चुणी घालून शिवणं हा उपाय नाही, ती चुणी आधी झिजते आणि तिथूनच गोधडी फाटते. पुलाच्या पट्ट्यापाशी चौकोनी फेरे थांबतील आणि आडव्या ओळी सुरू होतील. या सांध्यावर दोन्ही ओळी एकमेकींना टेकल्या पाहिजेत, मध्ये रिकामी पट्टी राहू नये.

टाका तांदळाच्या दाण्याएवढा, इंचाला तीन-चार. दोऱ्याची गाठ पाठीवर दिसू देऊ नका, हलका झटका देऊन थरात ओढून घ्या. चौघी मिळून शिवत असाल तर एकीनं एक बाजू असं वाटून घेऊ नका. प्रत्येकीचा हात वेगळा. घट्ट हाताची बाजू आखूड होते आणि गोधडी तिरकी जाते. एकीनं पूर्ण फेरा घालावा, पुढचा फेरा दुसरीनं.

कडेला काठ लावताना तो आधी धुऊन, वाळवून घ्या. नंतर आकसला तर चारी कडा झालरीसारख्या गोळा होतात. कोपऱ्यात काठ तिरका दुमडून तुरपा, कापू नका.

पाठीवर एका कोपऱ्यात मांजरपाटाची वीतभर पट्टी लावून गाव, साल आणि शिवणाऱ्या सगळ्या बायकांची नावं उलट टीपेनं भरा. शिरोरेघ आधी ओढून घेतली की अक्षरं सरळ बसतात. कुणाचं लुगडं कुठल्या थरात आहे तेही लिहा, उसवल्याशिवाय ते कुणाला कळणार नाही.

धुणं थंड पाण्यात, साध्या साबणानं, पिळल्याशिवाय. ओली गोधडी एकाच दोरीवर टाकली तर पाण्याच्या भारानं मधले टाके तुटतात. दोन दोऱ्यांवर पसरून सावलीत वाळवा. ट्रंकेत ठेवताना सुकलेला कडुलिंबाचा पाला फडक्यात बांधून ठेवा म्हणजे कसर लागत नाही, आणि दर काही महिन्यांनी घडी बदला. प्रदर्शनात लावायची असेल तर खिळे ठोकू नका. पाठीमागे वरच्या कडेला चार इंच रुंदीची नळी शिवा आणि त्यातून काठी घाला, म्हणजे भार सगळ्या रुंदीवर सारखा पडतो. आठवडा-दोन आठवड्यांत उतरवून घ्या. विरलेलं सूत जास्त दिवस उभं लटकलं की ताणून ओघळतं आणि पुलाच्या सरळ ओळी खाली झुकतात.