हालँडला कॅप्टन केला आणि दादाने फोन ठेवला

मी मूळचा कोल्हापूरचा, मंगळवार पेठ, म्हणजे अर्थात पीटीएम, पाटाकडील तालीम मंडळाची फुटबॉल टीम. आमच्याकडे टीम निवडायचा प्रश्नच नसतो, ज्या पेठेत वाढलात ती टीम, आणि शाहू स्टेडियमवर समोरच्या पेठेच्या पोराने कितीही भारी गोल मारला तरी हाताची घडी सोडायची नाही हे चड्डीत असतानाच कळतं. लंडनची आर्सेनल मात्र मी स्वतः निवडली, तिच्या थिएरी हेन्रीमुळे, आणि तिथेही पेठेचेच नियम लावले.

त्यामुळे २०२१ ला ऑफिसच्या लीगमध्ये फँटसी खेळायला लागलो, म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खऱ्या प्लेअर्सची ॲपवर आपली टीम करायची आणि त्यांच्या खेळाचे पॉइंट आपल्याला, तेव्हा पहिला नियम केला, आर्सेनलच्या शेजारच्या वैऱ्याचा, स्पर्सचा, एकही माणूस घ्यायचा नाही. शंभर मिलियनमध्ये १५ प्लेअर, एका क्लबचे जास्तीत जास्त तीन, ते तीन आर्सेनलचे, विषय संपला. त्या सीझनला स्पर्सच्या सॉनने २३ गोल मारले, एकही पेनल्टी न मारता, आणि शेवटच्या दिवशी नॉर्विचला दोन ठोकून स्पर्सला चौथा नंबरही मिळवून दिला. आम्ही, म्हणजे आर्सेनल, पाचवे, पहिल्या चारांना मिळणारी चॅम्पियन्स लीग गेली, आणि मी ऑफिसात खालून दुसरा. दोन्हीकडून मार.

पुढच्या वर्षी मँचेस्टर सिटीत स्ट्रायकर हालँड आला, फँटसीत किंमत साडेअकरा मिलियन. नाही घेतला. ऑगस्टमध्ये पॅलेस आणि फॉरेस्टविरुद्ध लागोपाठ दोन हॅटट्रिक झाल्यावर गपगुमान वाइल्डकार्ड, म्हणजे अख्खी टीम फुकटात बदलायची संधी, वापरून त्याला घेतला, कारण लीगमध्ये तो सगळ्यांकडे होता आणि त्याच्या प्रत्येक गोलला मी एकटाच खाली घसरत होतो.

पण खरा वैताग स्वतःच्याच डिफेंडर्सचा. मार्चमध्ये आर्सेनलची बोर्नमथशी मॅच, माझ्याकडे आर्सेनलचे डिफेंडर सलिबा आणि गॅब्रिएल दोघं, गोल खाल्ला नाही तर प्रत्येकी चार पॉइंट. मी चहाचा कप ठेवून नीट बसेपर्यंत बोर्नमथच्या बिलिंगने गोल मारला होता, किकऑफपासून नऊ सेकंद! आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय, तर आठ पॉइंट गेले. लीगच्या टॉपला असलेली आपली टीम मागे पडलीय आणि मी हिशोब करतोय, लाज वाटली खरं सांगतो. मग ०-२ चे २-२ झाले आणि सत्त्याण्णवाव्या मिनिटाला आपल्या नेल्सनने डाव्या पायाने तो गोल मारला तेव्हा मी गॅलरीत जाऊन ओरडलो, खालचे काका लाइट लावून बघायला लागले. नेल्सन माझ्या टीममध्ये नव्हताच, ते दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

एवढं होऊनही एप्रिलमध्ये आर्सेनलची सिटीच्या मैदानावर मॅच होती तेव्हा मी हालँडला कॅप्टन केला. हिशोब असा की कॅप्टनचे पॉइंट डबल, म्हणजे हरलो तर पॉइंट तरी येतील आणि जिंकलो तर पॉइंट गेले खड्ड्यात. दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "मग तू नेमका कुणाचा हाईस रे?" मी म्हटलं, इन्शुरन्स आहे. त्याने ठेवलाच फोन.

रात्री साडेबाराची मॅच. सिटीच्या डी ब्रुय्नेचे दोन्ही गोल हालँडच्या पासवर, नंतर ९५ व्या मिनिटाला, केस मोकळे सोडलेले, त्याने स्वतः चौथा मारला. ४-१. मी त्या आठवड्यात ऑफिसच्या लीगमध्ये पहिला आलो. ॲप उघडून वर चढल्याचा हिरवा बाण बघितला आणि परत उलटा ठेवला फोन, घशाखाली पाणी उतरेना. सकाळी ग्रुपवर अभिनंदन, त्यात एक जण सिटीवाला, त्याला थँक्यू म्हणायची वेळ आली.

आता हालँड टीममध्ये असतो, तेवढा पोटाचा प्रश्न आहे. पण आर्सेनलविरुद्ध असला की सरळ बेंचवर, डेडलाइनच्या आधी आठवणीने काढतो, आणि मॅच सुरू असताना फोन फ्रिजवर. स्पर्सचा माणूस अजूनही नाही. दादाला बेंचचं सांगितलं तर म्हणाला, "बेंचवर तरी कशाला पाहिजे?"