उजवीकडची शिट्टी

परवापासून डोक्यात तेच घोळतंय. रेकॉर्ड लावण्याआधीच भाचा म्हणाला, "मामा, उजवीकडून बारीक शिट्टी येते." मी ॲम्प्लिफायरचा आवाज शून्यावर नेला, स्पीकरला कान लावला, पंखा बंद केला. काहीच नाही. "गेली?" "ना, अजून आहे." शेवटी त्या कोपऱ्यातल्या बोर्डावरचा चार्जर उपटला, तेव्हा म्हणाला, "आता गेली."

माझी खोली, माझा सेट, आणि आवाज मलाच नाही.

वयाबरोबर वरचे आवाज आधी जातात हे मला ठाऊक आहे. ठाऊक असून काय? लहानपणी शेजारचा टीव्ही चालू आहे की बंद, हे मी अंगणातून सांगायचो, त्याचा आवाज पूर्ण बंद असला तरी. पडद्यावर 625 ओळी, सेकंदाला 25 चित्रं, म्हणजे 15,625 हर्ट्झची शिट्टी. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीतून ती सतत यायची. बऱ्याच मोठ्या माणसांना ऐकू यायची नाही. बाबांना तर मुळीच नाही. मला तेव्हा त्याचं केवढं भूषण होतं. बाबांना काय वाटत असेल, हे मात्र कधी मनात आलं नाही.

मग भाच्यानं विचारलं, तुला हा सेटचा नाद कधीपासून?

मडगावात आमच्या शेजारी तारवटी काका, तारवटी म्हणजे जहाजावर नोकरी करणारे. बोटीवरून उतरताना एकदा त्यांनी जपानी ॲम्प्लिफायर, टर्नटेबल आणि दोन भले मोठे स्पीकर आणले. मावशीनं पाठवलेली अभिषेकीबुवांची एलपी आमच्या कपाटात तशीच पडून होती, वाजवणार कशावर? बाबा ती घेऊन त्यांच्याकडे गेले, मागून मी. बुवांचं गाणं रेडिओवर ऐकून पाठ होतं. पण मिडियम वेव्हवर दोन केंद्रांत अंतर 9 किलोहर्ट्झचं, त्यात गाण्याच्या वाट्याला येतात साधारण साडेचार, त्याहून उंच आवाज कापले जातात. तंबोऱ्याच्या जवारीचा, म्हणजे तारांच्या त्या झणकाराचा, केवढा तरी भाग त्याच्या वर असतो. त्यामुळे तंबोरा म्हणजे मागे चाललेली गुणगुण, असंच मी समजत होतो. काकांच्या हॉलमध्ये तो उलगडला. एकेक तार वेगळी, आणि तार विरताना तिच्यातून निघणारी ती झिलई.

लोक सांगतात, ऐकलं आणि हरखून गेलो. मी हरखलो नाही. मला राग आला होता. इतके दिवस हे होतं आणि मला मिळत नव्हतं! आणखी काय काय मिळत नाहीये? माझी सुरुवात त्या रागातून आहे. पुढची प्रत्येक सुई, प्रत्येक वायर त्याच प्रश्नापोटी घेतली. घरी त्यावरून जे झालं ते झालं.

आणि आता पुन्हा तेच. गाण्यातलं काहीतरी आहे आणि मला मिळत नाही, फक्त या वेळी कमी पडतायत ते कान. त्यांना सुटे भाग नाहीत. परवा रात्री फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण तो पोरगा अख्खी बाजू संपेपर्यंत हलला नाही. मध्येच म्हणाला, "बुवा इथं श्वास चोरून घेतात." ते मलाही ऐकू येतं, लख्ख. श्वास, आघात, षड्जावर स्थिरावलेला आवाज, हे सगळं खालच्या पट्ट्यात आहे, अजून माझं आहे. वरचं त्यानं ऐकावं. मला सांगावं. चालेल मला.

जाताना विचारत होता, माळ्यावरचे लहान स्पीकर चालतात का. चालत नाहीत, कोनाभोवतीच्या, म्हणजे स्पीकरच्या थरथरणाऱ्या पडद्याभोवतीच्या, फोमचा आमच्या दमट हवेनं भुगा केलाय. पडदा हलवणारी तारेची कॉइल चांगली आहे. फोम रिंग मागवल्यात. चवथीला ताई, त्याची आई, येईल तेव्हा स्पीकर तिच्याकडे देण्यापेक्षा त्यालाच आधी बोलवतो, चिकटवायला बसवतो. रिंग मधोमध बसली नाही तर कॉइल घासते, ते हातानंच कळतं.

ताई रागावेल. रागावू दे.