शोभेच्या माशांच्या नर-मादी निवडणीची नोंद: गप्पी, एंजल, गोल्डफिश

गप्पी, तिसरा आठवडा. आता टॉर्च घेऊन बसायची वेळ. पिल्लू जाळीत उचलून बघू नका, घाबरून पर मिटून घेतं आणि काहीच कळत नाही. पारदर्शक पेल्यात दोन बोटं टाकीचंच पाणी, एका वेळी एक पिल्लू, उजेड मागून. पोटाखाली शेपटीकडे जो पर असतो तो बघायचा. मादीचा पंख्यासारखा पसरट राहतो. नराचा हळूहळू अरुंद आणि टोकदार होतो, तोच गोनोपोडियम, म्हणजे नराचा समागमाचा अवयव. मादीला या पराच्या जरा वर, पोटाच्या मागच्या टोकाला, गडद डाग असतो. अल्बिनोत मात्र डाग इतका फिका की नसल्यात जमा; तिथे परावरच भिस्त.

शेपटीत रंग भरायची वाट बघणारे हमखास फसतात. रंग चढेपर्यंत नर कामाला लागलेला असतो, आणि एकदा लागलेली मादी ते शुक्राणू साठवून पुढे कित्येक महिने, नर नसतानाही, पिल्लं देत राहते. लाइन, म्हणजे निवडून जपलेला वंश, तिथेच बिघडली. म्हणून संशयातलं पिल्लू नेहमी नरांच्या टाकीत. ते मादी निघालं तर एकटी तीच वाया जाईल. उलट माद्यांत एक नर राहिला तर अख्खी टाकी गेली.

आठवड्यांचा हिशेब 25-26 अंश सेल्सिअस पाण्याचा आहे. कोल्हापूरच्या थंडीत रात्री उघड्या टाकीचं पाणी बरंच उतरतं, वाढ रेंगाळते आणि चौथ्या आठवड्यातही पर पसरटच दिसतो. ती मादी समजू नका. 50 लिटरला 50 वॉटचा हीटर लावा, दर तीन-चार दिवसांनी पुन्हा बघा.

स्वोर्डटेल: तलवार, म्हणजे शेपटीचं लांब टोक, फक्त नरालाच, पण काही नरांना ती फार उशिरा फुटते. ‘मादीचा नर झाला’ म्हणतात ते बहुतेक हेच.

एंजल: डोक्याचा उंचवटा, पराची लांबी, सगळं अंदाजपंचे. खात्री अंडी घालायच्या एक-दोन दिवस आधी, पोटाखाली नळी डोकावते तेव्हा. बारीक टोकदार असेल तर नर, जाड बोथट असेल तर मादी. दोन माद्याही जोडी जमवतात, पान साफ करतात, अंडी घालतात, राखतातसुद्धा; दोन दिवसांत सगळी पांढरी, म्हणजे वाया. पण पांढरी पडली म्हणजे दोन्ही माद्याच, असंही नाही. नर कोवळा असला किंवा पाणी बोअरचं जड असलं तरी तेच होतं. सहा पिल्लं एकत्र वाढवून जोडी आपसूक जमू द्यावी, हे बरं.

कॉन्व्हिक्ट सिक्लिड माशात गप्पीच्या उलटा कारभार: रंग, म्हणजे पोटावर नारिंगी झाक, मादीला.

गोल्डफिश: विणीच्या हंगामात नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या पराच्या पुढच्या कडेला बारीक पांढरे दाणे उठतात. व्हाइट स्पॉट हा रोग समजून औषध ओतू नका. रोगाचे ठिपके अंगभर, शेपटीवरही विखुरतात. हे दाणे दोन्ही बाजूंना, ठरल्या जागीच.