भोपाळचा अहवाल येईपर्यंत

शेडच्या कडेच्या खणात ताप शिरला तेव्हा थंडी नुकतीच सुरू झाली होती. बादली वाजली की धावत येणारी डुकरं कोपऱ्यात एकमेकांना चिकटून पडून राहिली. थर्मामीटर १०६ दाखवत होता. कानांचे शेंडे आणि पोटाखालची कातडी जांभळट झाली होती. दुसऱ्या दिवशी पहिली मर झाली.

अशी बातमी लपत नाही. दुपारीच व्यापाऱ्याचा फोन आला, "दादा, रात्री गाडी लावतो. मिळेल त्या भावात काढून टाका, उद्या तेही मिळणार नाही." आमच्या धंद्यात रोग पसरतो तो इथूनच, असं माझं ठाम मत आहे. आजारी माल कापला जातो, मटण हॉटेलात जातं आणि तिथलं खरकटं न उकळता दुसऱ्या कुणाच्या तरी डुकरांपुढे पडतं. मी गाडी नाकारली आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात लेखी कळवलं.

डॉक्टर आले, म्हणाले, "साधा स्वाइन फिव्हर की आफ्रिकन, हे नुसतं बघून कुणीच सांगू शकत नाही." दोन्ही डुकरांचे विषाणूजन्य ताप, वेगवेगळ्या विषाणूंचे. लक्षणं सारखी, फरक मात्र मोठा. साध्या तापावर लस आहे. आफ्रिकनवर आपल्याकडे लसही नाही, औषधही नाही. २०२० मध्ये तो आसाम-अरुणाचलमध्ये पहिल्यांदा सापडला. निदान झालं की बाधित फार्मभोवती १ किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारायची आणि १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची, असा नियम. सरकार भरपाई देतं, पण निवडून निवडून तयार केलेल्या माद्या त्या पैशात परत येत नाहीत. शिवाय त्या १ किलोमीटरमध्ये शेजाऱ्यांची डुकरंही येतात.

खड्डा खणून त्याच्या काठावरच शवविच्छेदन केलं, रक्ताचा थेंब शेडकडे येऊ नये म्हणून. मूत्रपिंडावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते, प्लीहेच्या कडा काळ्या पडल्या होत्या. डॉक्टरांना अंदाज आला असावा, पण ते बोलले नाहीत. प्लीहा, टॉन्सिल, लसिका गाठी आणि रक्त असे नमुने एकात एक पिशव्या घालून बर्फात ठेवले. ते आधी पुण्यात औंधच्या प्रयोगशाळेत आणि तिथून भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले. मेलेलं जनावर चुन्यासकट पुरलं.

मग वाट पाहणं. एकच गडी आत, तोही तिथेच मुक्कामाला. त्याचे गमबूट शेडबाहेर येत नसत. दारातलं जंतुनाशक रोज बदलायचं आणि बूट आधी ब्रशने घासायचे, कारण शेणामातीखाली औषध पोचतच नाही. गावात स्वाइन फ्लूची कुजबुज सुरू झाली. २००९ मध्ये पुण्याने जे पाहिलं ते लोक विसरलेले नाहीत. हा स्वाइन फ्लू नव्हे, स्वाइन फिव्हर साधा असो की आफ्रिकन, माणसाला होत नाही, हे मी घरोघरी जाऊन सांगितलं.

अहवाल आला. आफ्रिकन नाही, साधा स्वाइन फिव्हर. कागद हातात घेऊन मी शेडच्या पायरीवर बसलो आणि रडलो. त्या खणातली बहुतेक जनावरं तोवर गेली होती, पण माद्या वाचल्या.

धडधाकट जनावरांना डॉक्टरांनी लगेच लस दिली. पूर्वी ही लस सशांपासून बनायची आणि कायम तुटवडा असायचा. आता इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेने पेशींवर वाढवलेली लस काढली आहे. नवीन जनावर आणलं की ३० दिवस वेगळ्या शेडमध्ये ठेवतो आणि त्याचा चारापाणी सगळ्यात शेवटी करतो. व्यापाऱ्याची गाडी फाटकाबाहेरच थांबते. माल आम्ही तिथपर्यंत हाकत नेतो आणि बाहेर काढलेलं जनावर सौदा फिसकटला तरी आत परत घेत नाही.